बदलीमास्तर

बदलीमास्तरांच्या पँटची लांबी दर सुपारीला वेगळी असायची. कधी ती घोट्याच्या वर चार बोटं थांबायची, कधी खाली दुमडून दुमडून तिची वळकटी व्हायची. कोटाचंही तेच. आज बाह्या बोटांवर लोंबताहेत, तर परवाच्या लग्नात बटणं लागत नाहीत म्हणून आतलं बनियन दिसतंय. कारण साधं होतं. माझ्या वडिलांच्या बँडमध्ये माणसं तेरा होती आणि गणवेश बारा. तेरावे मास्तर. ज्या दिवशी जो यायचा नाही त्याचा गणवेश ते चढवायचे, त्याचं वाद्य उचलायचे आणि त्याच्या जागी उभे राहायचे. बाराच्या बारा आले तर मास्तर साध्या सदऱ्यात जनरेटरच्या गाडीमागं चालायचे. पण बँडच्या धंद्यात बाराच्या बारा आले असा दिवस वर्षातून एखादा.

सुपारी म्हणजे बँडवाल्यांच्या बोलीत ठरलेलं काम. सिनेमावाल्यांनी या शब्दाची पार वाट लावली, त्याला आम्ही काय करणार? आणि वाजवणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत. हे बदली म्हणून येणारे, म्हणून बदलीमास्तर. नवख्या माणसाला वाटायचं, हे कुठल्याशा शाळेत मास्तर असावेत आणि बिचाऱ्यांची सारखी बदली होत असावी. त्यांचं खरं नाव काय, हे विचारायचं मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी, घराच्या पडवीत सगळी वाद्यं खुंट्यांना टांगलेली असत. सुपारीच्या सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी यायचे. चप्पल काढायचे, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायचे आणि मग खुंट्यांकडं बघत, आज भाजी काय केली असं विचारावं तितक्या सहज विचारायचे, “आज कोन न्हाई आलं?”

आणि कोणी ना कोणी आलेलं नसायचंच. क्लॅरिनेटवाल्याची म्हैस व्यायलेली असायची, झांजवाल्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा असायचा, ताशावाला आदल्या सुपारीतून उठलेला नसायचा. मास्तर त्या खुंटीपाशी जायचे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पोटाशी धरायचा तो मोठा बास, ढोल, ताशा, झांज, पुढं आलेला कॅसिओसुद्धा. ड्रायव्हर आला नाही तर टेम्पो. जनरेटर बसला तर तो उघडून पुन्हा चालू करायचे, आणि मिरवणूक थांबली असेल तेवढ्यात कुणाच्या तरी कोटाचं बटणही लावून द्यायचे. सुई-दोरा त्यांच्या टोपीच्या अस्तरात खोचलेला असायचा.

एक गोष्ट मात्र बँडबाहेर कुणाच्या लक्षात आली नाही. मास्तर दुसऱ्याचं वाद्य वाजवायचे तेव्हा त्या दुसऱ्यासारखंच वाजवायचे, त्याच्या खोडींसकट. ढोलवाला नाना ठेक्यात किंचित मागं रेंगाळायचा. नाना नसला की मास्तरही तेवढंच रेंगाळायचे. ट्रम्पेटवाला शंकर वरच्या सुराला जायच्या आधी उगाच एक गिरकी घ्यायचा. मास्तर तीच गिरकी घ्यायचे. मला वाटायचं, हे त्यांची नक्कल करून मजा घेतात. एकदा मी तसं म्हणाले. मास्तर ढोलाच्या दोऱ्या आवळत होते, ते थांबले.

“मजा न्हाई, बाय. नाना मागं राहतोय हे समद्यांच्या अंगात बसलंय. त्यो मागं राहनार म्हनून ताशावाला जरा दमानं घेतोय, झांजवाला त्याच्याकडं बघून हात उचलतोय. मी एकदम नीट वाजवलं, तर बाकीचे अकरा जन चुकत्याल.”

मग दोरीला शेवटचा हिसका देऊन म्हणाले, “वाद्य शिकायला म्हैना लागतोय. मानूस शिकायला दोन वर्सं.”

हे मी तेव्हा नुसतं ऐकलं. आज मी दिवसभर माणसांत असते, तेव्हा रोज एकदा तरी ते आठवतं.

कुठल्या लग्नात काय लागतं, हे वडिलांपेक्षा मास्तरांना जास्त कळायचं. मराठ्यांचा नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की कुठली चाल, आमच्या बौद्ध लग्नात वधूवर मंडपात येताना कुठली, मुसलमानांच्या शादीत वरात दारात आली की कुठली, धनगरांच्या जत्रेत देव हलला की कुठली, हे सगळं त्यांच्या डोक्यात जागच्या जागी. मिरजगावकडच्या एका लग्नात पाठवणीची वेळ झाली. मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडत होती आणि इकडं नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माईशीवर शंकर डोळे मिटून नाचाचं गाणं कुटत होता. त्याला थांबवायला जावं तर नाचणारी पोरं अंगावर येणार. ढोलावर त्या दिवशी मास्तर होते. ते नानासारखे मागं रेंगाळू लागले. मग आणखी मागं. मग आणखी. नाचाचं गाणं हळूहळू इतकं संथ झालं की पोरांचे पाय आपोआप थांबले, शंकरनं काय झालं म्हणून डोळे उघडले, आणि त्याला समोर ती मुलगी दिसली. त्यानं ट्रम्पेट खाली घेतलं. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही.

मी चौथीत असताना आईचं ऑपरेशन झालं आणि ती महिनाभर नगरच्या दवाखान्यात होती. वडील तिच्याजवळ. घरात मी आणि आत्या, आणि आत्याला सकाळी शेतावर जायची घाई. तिसऱ्या दिवशी मी केस न विंचरता पडवीत रडत बसले होते. मास्तर वाद्यं पुसायला आले होते. त्यांनी हात धुतले, तेलाची बाटली मागून घेतली आणि माझ्या दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी लावून. ढोलाच्या दोऱ्या आवळणारे ते हात. वेण्या इतक्या घट्ट बसल्या की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या राहिल्या आणि शाळेत बाईंनी विचारलं, तुला कशाचं एवढं नवल वाटतंय? दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वेणी जरा सैल घातली आणि मग महिनाभर रोज येत राहिले. आई परत आली तेव्हा माझे केस बघून म्हणाली, मी नसतानाच बरे दिसतात की. मास्तर लाजून जनरेटर बघायला निघून गेले.

वडिलांचा त्यांच्यावर जीव होता, पण कुरकूरही होती. टेम्पोच्या मागं वडिलांनी शंकरचं नाव रंगवून घेतलं होतं, ‘ट्रम्पेट किंग’ म्हणून. लोक सुपारी द्यायला यायचे ते शंकरला बघून. वडील म्हणायचे, “मास्तर, एक कायतरी धर. लोकं एका गोष्टीनं वळखत्यात.” मास्तर विचार केल्यासारखं करायचे. “धराया बाकीचं सोडावं लागंल की मालक. काय सोडू सांगा.”  वडील चिडून म्हणायचे, “सगळं येतंय आन नाव कशातच न्हाई.” मास्तर हसायचे. पण दहावीत असताना एकदा मीही आगाऊपणा केला. विचारलं, “मास्तर, तुम्हाला सगळ्यात चांगलं काय येतं?” ते हसले नाहीत. “उद्या सांगतो,” म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. आपण काहीतरी दुखवलं एवढं कळलं होतं.

मग डीजे आला. त्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-तीन हंगामांत सुपाऱ्या आटल्या. शंकर पुण्याला मुलीकडं गेला, नाना शुगर फॅक्टरीवर वॉचमन झाला. वडील गेले, वाद्यं एकेक करून गेली. वडील स्वतः वाजवायचे ते क्लॅरिनेट तेवढं आईनं ट्रंकेत ठेवलं. मास्तरांचं मात्र म्हटलं तर काही बिघडलं नाही. ते मोटारी दुरुस्त करू लागले, दशक्रियेला आचारी म्हणून जाऊ लागले, कुणाच्या भजनात पेटी धर, कुणाची शेळी अडली तर तिला सोडव, असं चाललं होतं. बँड मोडल्यावर ज्यांना एकच वाद्य येत होतं त्यांचे फार हाल झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मास्तरांच्या घरची चूल त्यांच्या दहा बोटांनी पेटती ठेवली. तेव्हा मला वाटायचं, बघा, सगळं येण्याचा हा फायदा. पण फायदा हा शब्द त्यांच्या बाबतीत अपुरा होता, हे नंतर कळलं.

लग्नानंतर मी कर्जतला आले आणि तिथं दाखल्यांचं, फॉर्म भरायचं दुकान टाकलं. एका दुपारी मास्तरांची बायको, हिराकाकू, त्यांना हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. मास्तर सत्तरीच्या पुढं गेले होते, दम लागत होता. काकू म्हणाल्या, “ह्यांचा म्हाताऱ्या कलावंतांचा फारम भरायचाय.” मास्तर दाराकडं बघत होते. मी म्हटलं, बरं झालं, सरकारी मानधन मिळेल, औषधपाण्याला होईल. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

“पैशाचं न्हाई गं. नातीला बघाया पाव्हनं आल्तं. त्यांनी इचारलं, पोरीचा आजा काय करायचा? सून म्हनाली, काय न्हाई, आसंच, बँडमधी बदली म्हनून जायाचं. हे आतल्या खोलीत हुतं. त्यांनी ऐकलं. तवापासून बोलंना झाल्यात. कुनीतरी कागदावर लिहून द्यावं गं, ह्यो मानूस काय हुता ते.”

मी फॉर्म पुढं ओढला. नावाच्या ठिकाणी काय लिहू, असं विचारलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा बोलले. “कचरू.” इतक्या वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पुढं रकाना होता कलाप्रकाराचा. त्यात मी मोठ्या अभिमानानं ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सर्व वाद्ये’. रोज दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी मी, मला एवढं कळायला हवं होतं की त्या रकान्यात एकच उत्तर मावतं. पण प्रेमात माणूस चुकतो तशी मी चुकले, आणि भोगलं मास्तरांनी.

मुलाखत नगरला, समितीपुढं होती. मीच त्यांना एसटीनं घेऊन गेले. व्हरांड्यात आठ-दहा म्हातारी मंडळी बसली होती. एका गोंधळी बाबांचा संबळ वाजवणारा जोडीदार तापानं फणफणला होता. भारूड म्हणणाऱ्या सरूबाई होत्या, त्यांच्या ढोलकीवाल्याची एसटी चुकली होती. एका भजनीबुवांच्या पेटीचा भाता फाटला होता. एका शाहिरामागं झील धरायला, म्हणजे ओळ मागून उचलायला, कोणी नव्हतं. मास्तरांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि मला खूण केली, माझी पिशवी धर.

पुढचे दोन तास ते आत-बाहेर करत होते. गोंधळी बाबांबरोबर संबळ. सरूबाईंबरोबर ढोलकी. फाटक्या भात्यावर रुमाल दाबून पेटी. शाहिराच्या मागं झील. दर वेळी आत जाताना ते त्या माणसाला हळूच विचारायचे, “तुमी सम कुठं देता? श्वास कुठं तुटतोय?” आणि मग आत जाऊन त्या माणसाशी दोन वर्षांची ओळख असल्यासारखं वाजवायचे. सरूबाई बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. समितीच्या लोकांना वाटलं, हा वाजवायला इथंच ठेवलेला माणूस असावा. कारकुनानं त्यांना चहासुद्धा विचारला.

शेवटी मास्तरांचं नाव पुकारलं. मी बरोबर आत गेले. तोवर बाकीची मंडळी आपापल्या एसट्या पकडायला गेली होती, वाद्यं घेऊन. अध्यक्षांनी फॉर्म पाहिला. “सर्व वाद्ये म्हणजे? आजोबा, काय वाजवणार आता?”

मास्तर टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “आज कोन न्हाई आलं?”

समितीतले हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “सगळे येऊन गेले. आता तुमचंच ऐकायचंय. तुमचं वाद्य कुठंय?”

वाद्य नव्हतं. मास्तरांचं स्वतःचं असं वाद्य कधीच नव्हतं आणि एक बरोबर न्यावं हे त्यांना किंवा मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, “साहेब, मगापासून तुम्ही यांनाच ऐकताय की.” ते म्हणाले, “ताई, ते त्या त्या कलावंतांच्या नावावर ऐकलं.” त्यांचंही बरोबरच होतं. मास्तरांनी आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, नमस्कार केला आणि ते बाहेर आले.

परतीच्या एसटीत मी रागानं धुमसत होते. मास्तर मात्र खुशीत. “त्या सरूबाईचं भारूड कसं रंगलं, बघितलंस का? लई वर्सांनी म्हनली आसंल.”  निम्मा रस्ता संपला, उजाड माळ सुरू झाला, आणि खिडकीकडं तोंड करून ते म्हणाले, “बाय, मला कायच येत न्हाई, आसं लिहिलं आसंल का त्यांनी?”

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण यादी आली तेव्हा त्यांच्या नावापुढं तसंच काहीसं होतं. ‘कलाप्रकार निश्चित नाही.’ बाकीच्या सगळ्यांची नावं मंजूर यादीत होती, संबळाच्या जोडीदाराशिवाय आलेल्या गोंधळी बाबांचंसुद्धा. मी ती ओळ मास्तरांना वाचून दाखवली नाही. त्यांनी विचारलीही नाही. मोटारी दुरुस्त करायला जाणं तेवढं त्यांनी बंद केलं. कुणाच्या भजनालाही जाईनात. काकू म्हणाल्या, नुसते हात बघत बसतात.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज मागवले तेव्हा मीच गावाला गेले. आईच्या ट्रंकेतून वडिलांचं क्लॅरिनेट काढलं, तोंडाशी लावायची नवी रीड आणली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, “या वेळी एकच. क्लॅरिनेट. आणि हे तुमचं.” त्यांनी ते बराच वेळ नुसतं पुसलं. मग ओठांना लावलं.

ते वाजवायला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. ते माझे वडील होते. तोच जडपणा, प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच थोडासा घाईचा श्वास. मी म्हटलं, “मास्तर, हे आमच्या बापूचं झालं. तुमचं वाजवा.” त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो जुना क्लॅरिनेटवाला वाजवत होता, म्हशीवाला. मग आणखी कोणीतरी. मास्तर थांबले. “माझं कसं आसतंय, बाय?” त्यांनी विचारलं. ते खरोखर विचारत होते. पन्नास वर्षं तो माणूस दुसऱ्यांच्या जागा सांभाळत आला होता आणि आपली जागा कशी असते, हे बघायला त्याला सवड झाली नव्हती. आम्ही कुणी ती दिलीही नव्हती. त्या दिवशी मला वडिलांचा, माझा, सगळ्या बँडचा फार राग आला.

नगरला या वेळी समितीत एक नव्या बाई होत्या, संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मास्तर क्लॅरिनेट घेऊन उभे राहिले. दोन सूर लागले आणि थांबले. पुन्हा दोन लागले. त्यांचे डोळे खोलीत इकडं-तिकडं फिरत होते, कुणाच्या पाठीमागं उभं राहावं ते शोधत. कपाळावर घाम. अध्यक्ष म्हणाले, “आजोबा, सावकाश.” मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. “एकट्याला जमंना साहेब,” ते म्हणाले. “म्होरून कुनीतरी म्हना.”

 म्हणणार कोण? त्या खोलीत गाणारं कोणी आलेलं नव्हतं.

मी उभी राहिले. मला गाता येत नाही. हे मी नम्रतेनं सांगत नाही. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी आईची एक जात्यावरची ओवी धरली, धरली ती इतक्या वर की दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फाटलेल्या जागी खालून क्लॅरिनेट आलं. माझा सूर होता तिथंच आलं, चुकीच्या जागी, आणि मला धरून हळूच खाली उतरवून नीट वाटेवर आणून सोडलं. पुढं माझा श्वास तुटला तिथं ते लांबत राहिलं, मी परत येईपर्यंत. मी घाई केली, त्यांनी घाई केली. मी एक ओळ विसरले, त्यांनी ती ओळ वाजवली, जणू तिथं शब्द नव्हतेच. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं, मला गाता येतं. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं.

ओवी संपली. त्या नव्या बाई मास्तरांकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. “तुम्ही गाता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही हो. कधीच नाही.” “तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी अध्यक्षांच्या पुढ्यातला फॉर्म आपल्याकडं ओढून घेतला. मी लिहिलेलं ‘क्लॅरिनेट’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘साथसंगत’. अध्यक्ष म्हणाले, “असा प्रकार आपल्याकडं आहे का?” बाई म्हणाल्या, “गाणं आहे तिथं साथ आहेच. मी सही करते.”

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी गावी जाऊन ते मास्तरांना दोनदा वाचून दाखवलं. काकू चुलीपाशी हात थांबवून ऐकत होत्या. मास्तरांनी पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, जिथं शिक्का होता तिथं अंगठा फिरवला. मग लहान आवाजात विचारलं, “म्हंजी मी कलावंत हाय का?”

“होय मास्तर. वर तसंच लिहिलंय.”

“बरं,” ते म्हणाले. पत्राची घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, जेवून जाशील का? त्या दिवशी स्वयंपाक त्यांनीच केला. पिठलं, भाकरी आणि ठेचा. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा भजनाला जाऊ लागले.

तो हिवाळा त्यांनी काढला. छातीचं दुखणं उन्हाळ्यात वाढलं आणि एका सकाळी, भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करायला मांडून बसले असताना, ते गेले. शंकर पुण्याहून आला, नाना आला, सरूबाई कुठूनतरी कळून आल्या. मी आयुष्यात पुष्कळ माणसांचे फॉर्म भरले, दाखले काढून दिले. पण कुणाला काय लिहून द्यायचं राहतं, हे मी त्या माणसाकडून शिकले. समोर कोणी बसलं की आता मी आधी विचारते, तुम्हाला काय काय येतं? लोक गोंधळतात, मग सांगत सुटतात. रकान्यात मावत नाही ते मी ऐकून घेते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गावात लावायचा फ्लेक्स करायला काकू माझ्या दुकानाशेजारच्या फ्लेक्सवाल्याकडं आल्या. फोटो दिला, नाव सांगितलं. फ्लेक्सवाला चांगला माणूस, दहा वर्षांपासूनचा शेजारी. कॉम्प्युटरवर नाव टाइप करून त्यानं विचारलं, “खाली काय टाकू, काकू? मास्तर?”

“कलावंत टाक,” काकू म्हणाल्या.

“कशातले? म्हणजे गायक, वादक, काय ते टाकतो.”

काकूंनी पदर खांद्यावर नीट केला. “त्ये इचारू नको. नुस्तं कलावंत टाक. आन नावापरीस मोठं टाक.”

मी त्यांच्या मागं उभी होते आणि मला रडू आवरेना. त्यानं आधी नाव लहान केलं. मग तो शब्द वाढवत नेला, वाढवत नेला, आणि दर वेळी मान वळवून काकूंकडं बघत राहिला. काकू बराच वेळ बास म्हणाल्या नाहीत.